भिंतीवरच्या चित्रांचा इतिहास

बंगळूरातलं मराठी मूल घरी मराठी ऐकतं, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत बहुधा इंग्रजी. ते मूल स्वमग्न असेल, तर बाईंनी बोललेली सूचना बऱ्याचदा त्याच्या हाती लागायच्या आतच विरून जाते. चित्र मात्र जागेवर थांबतं. डबा, मैदान, घर अशी तीन चित्रं ओळीने भिंतीवर लावायची आणि एक काम झालं की ते चित्र काढून पाकिटात टाकायचं. पुढे काय होणार हे मुलाला दिसतं, म्हणून त्याची घालमेल कमी होते.

ही चित्रं शाळेत आली कशी?

1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली. रोजचा क्रम मोडला की ही मुलं बेचैन होतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पण पुढची दोन-अडीच दशकं दोष आईच्या माथी मारला गेला. आई मायेने जवळ घेत नाही, म्हणून मूल असं झालं, असं तज्ज्ञच म्हणत. एरिक शॉप्लर यांनी हे नाकारलं. त्यांनी पालकांना सोबत घेतलं, आणि मूल बदलण्याआधी वर्ग बदलायला सांगितलं: जागा ठरलेली, काम ठरलेलं, क्रम डोळ्यांना दिसणारा. 1972 साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने त्यांचा कार्यक्रम सरकारी केला. 1985 साली डेलावेअरमध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी मुलाच्याच हाती चित्र दिलं. ते समोरच्याला दिलं की हवी ती वस्तू मिळते.

आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली. 2000 साली बंगळूरात डॉ. प्रतिभा कारंत यांनी 'कॉम डील' सुरू केलं. लहान वयातच तयारी करून मुलं नेहमीच्या शाळेत जावीत, हा त्याचा हेतू. पुढे आयआयटी मुंबईत 'जेलो' हे अ‍ॅप तयार झालं. त्यात चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो, मराठीतसुद्धा.

तरीही पालक मला सांगतात, "मूल जरा रुळलं की शाळा म्हणते, आता चित्रांची सवय मोडा." अहो, आपल्या भिंतीवर कालनिर्णय असतंच की! ती सवय मोडा, असं आपल्याला कोणी म्हणत नाही. मूल रुळलं ते त्या चित्रांच्या आधाराने.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद केली. बोलण्याला पूरक अशा संवादाच्या इतर साधनांना शिक्षणात चालना द्यावी, असं त्याचं कलम 17 सांगतं. तेव्हा शाळेत जाल तेव्हा गयावया करू नका. चित्रं भिंतीवर राहू द्या, हे हक्काने आणि लेखी मागा.