नेव्हिगेशन उपग्रह आता पृथ्वीजवळ का सोडतायत?

बहिणाबाईंचं माहेर बघायला मॅप लावून तुम्ही जळगावहून असोद्याला निघालात, तर वाट दाखवणारे जीपीएस उपग्रह असतात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. आपल्या ‘नाविक’चे तर जवळपास ३६,००० किलोमीटरवर! इतक्या लांबून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, तो जॅम करणंही सोपं.

उपग्रह १,००० किलोमीटरवर आणला, तर तेवढ्याच ताकदीचा जीपीएस सिग्नल सुमारे ४०० पट जोरकस मिळतो. मेख एकच. इतक्या खालून जमिनीचा छोटाच भाग दिसतो आणि उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून असे शेकडो लागतात. अमेरिकेच्या ‘झोना’ कंपनीने जून २०२५ मध्ये ‘पल्सर-०’ सोडला, तो याच तयारीसाठी.

भारतासाठी हा मुद्दा कळीचा आहे. २९ जानेवारी २०२५ ला गेलेला ‘एनव्हीएस-०२’ ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही, कारण इंजिनाला ऑक्सिडायझर देणारी झडप उघडली नाही. ‘नाविक’ची रचनाच मुळात सात उपग्रहांची, त्यात एक कमी पडला तरी चणचण जाणवते. शेकडोंच्या ताफ्यात तसं होत नाही. शिवाय खालच्या कक्षेसाठी जीएसएलव्हीसारखं मोठं रॉकेट लागत नाही. इस्रोचं छोटं एसएसएलव्ही ५०० किलो वजन ५०० किलोमीटरवर नेऊ शकतं.