मालमोटारीचा सायलेन्सर बदलताना : काटकसर कुठे करावी, कुठे टाळावी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन जुने राष्ट्रीय महामार्ग धुळे येथे एकमेकांना छेदतात. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले. जुना सहा क्रमांकाचा सुरत-नागपूर मार्ग आता ५३ क्रमांकाने ओळखला जातो. जुन्या तीन क्रमांकाच्या मार्गाचा इंदूरकडे जाणारा भाग ५२, तर नाशिककडे जाणारा भाग ६० क्रमांकाचा झाला. चालकांच्या बोलण्यात मात्र ‘आग्रा रोड’ कायम आहे. रावेर, यावल, सावदा परिसरातील केळी उत्तर भारतात नेणाऱ्या, जिनिंगमधून कापसाच्या गाठी उचलणाऱ्या आणि जळगावची डाळ देशभर पोहोचविणाऱ्या मालमोटारींची या रस्त्यांवर अखंड वर्दळ असते. त्यातील अनेक गाड्यांचा मालक एकाच गाडीवर संसार चालविणारा असतो. बँकेचा हप्ता, टायर, विमा आणि डिझेल यांचा मेळ घालताना ज्या दुरुस्त्या तो हमखास पुढे ढकलतो, त्यांत सायलेन्सरचा क्रमांक वरचा लागतो. गाडी आवाज करते, पण चालते, हे त्यामागचे साधे कारण होय.

हे काम कमी खर्चात होऊ शकते. मात्र यंत्रणेच्या कोणत्या भागात पैसे वाचवावेत आणि कोणत्या भागात वाचवू नयेत, हे आधी ठाऊक असावे लागते. इंजिनपासून जितके दूर जावे तितकी काटकसरीला मोकळीक अधिक, आणि जितके जवळ यावे तितकी कमी, हा त्यातील ढोबळ नियम होय.

यंत्रणेची रचना

गॅरेजमध्ये सगळ्यालाच ‘सायलेन्सर’ म्हटले जात असले, तरी सायलेन्सर हा या यंत्रणेचा केवळ एक भाग आहे. इंजिनाच्या हेडला बोल्टने जोडलेले बिडाचे मॅनिफोल्ड सर्व सिलिंडरांतील जळालेले वायू एकत्र करते. तेथून ते टर्बोचार्जरमध्ये जातात व त्याचे चक्र फिरवितात. त्यापुढे अनेक जड वाहनांत एक्झॉस्ट ब्रेकची झडप असते. नंतर इंजिनाचे हादरे शोषून घेणारा लवचीक पाइप, मग मुख्य नळी, सायलेन्सरचा डबा आणि अखेरीस टेलपाइप. हे सारे चेसिसला क्लॅम्प, पट्ट्या आणि रबर माउंटिंग यांनी टांगलेले असते.

या भागांचे आयुष्य सारखे नसते. एक लिटर डिझेल जळाले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी थंड होताच ही वाफ डब्यात निवते आणि धुरातील आम्लयुक्त घटकांसह पत्रा आतून खाते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा स्थानिक, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचा डबा लवकर सडतो. मॅनिफोल्ड सडत नाही. ते तापण्या-निवण्याच्या चक्राने तडकते. लवचीक पाइप तुटतो तो बहुधा इंजिनाची रबरे बसल्यामुळे. रबरे न बदलता केवळ पाइप बदलल्यास काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

दोष ओळखण्याची रीत

नवा डबा विकत घेण्यापूर्वी गळती नेमकी कुठे आहे हे शोधणे, हीच पहिली बचत होय. जोडाच्या बाजूला काजळीचा काळा पट्टा उमटला असेल तर वायू तेथूनच निसटत असतात. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून सहकाऱ्याने जाड, ओल्या फडक्याने टेलपाइप क्षणभर दाबून धरल्यास फुसफुस कुठून येते ते ऐकू येते. ही चाचणी थंड इंजिनावर, मोकळ्या जागेत आणि काही क्षणांपुरतीच करावी. इंजिनाच्या बाजूने ‘टकटक’ असा आवाज येऊन गाडी तापल्यावर तो कमी होत असेल, तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर संशय घ्यावा; धातू प्रसरण पावल्याने फट तात्पुरती बुजते.

धुराचा रंगही काही सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तेथे एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोच्या आधीची गळती तपासावी. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवितो. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर येत असेल, तर न जळलेले डिझेल अथवा कूलंटचे पाणी हे कारण असते. यांपैकी कोणताही दोष सायलेन्सर बदलून जात नाही. सायलेन्सर हे अशा वेळी दुखण्याचे ठिकाण नसते, केवळ ते दिसण्याचे ठिकाण असते.

काय स्थानिक, काय अस्सल

जुन्या, म्हणजे बीएस-३ आणि त्यापूर्वीच्या गाड्यांत लवचीक पाइपाच्या पुढची नळी, डबा आणि टेलपाइप स्थानिक कारागिराकडून बनवून घेण्यास हरकत नसते. धुळे व जळगाव या दोन्ही शहरांत महामार्गालगतच्या गॅरेजांतून अशी कामे होतात. मात्र दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली म्हणजे नळीचा व्यास. मूळ नळी ४ इंची असताना स्वस्त मिळते म्हणून ३ इंची बसविल्यास मार्गाचे क्षेत्रफळ जवळपास ४४ टक्क्यांनी घटते. वायू अडतात, इंजिन तापते आणि चढावर गाडी दम टाकते. दुसरी म्हणजे डब्याच्या तळाशी असलेले बारीक छिद्र. ते पाणी निचरून जाण्यासाठी असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजविले की नवा डबाही लवकर सडतो.

आतील जाळ्या काढून ‘पोकळ’ केलेला डबा स्वस्त पडतो आणि त्याने गाडी पळते, असा एक समज आहे. टर्बो असलेल्या इंजिनाला त्याचा जाणवण्याजोगा लाभ होत नाही. वाढतो तो आवाज आणि दंडाचा धोका.

मॅनिफोल्ड तडकल्यास साध्या रॉडने केलेले वेल्डिंग टिकत नाही, कारण बीड ठिसूळ असते. निकेलयुक्त रॉड, आधी केलेली गरमाई आणि सावकाश निववणे एवढे सारे जमत असेल तरच तो मार्ग घ्यावा. अन्यथा भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे धड मॅनिफोल्ड घेऊन, त्याचे तोंड लेथच्या कारखान्यात सपाट करून बसविणे स्वस्त आणि टिकाऊ ठरते. पॅकिंग, स्टड आणि नट मात्र नवेच घ्यावेत. जुने पॅकिंग पुन्हा वापरून वाचणारे पैसे दुसऱ्यांदा करावे लागणाऱ्या कामाच्या मजुरीपुढे नगण्य असतात.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. संगणकीय नियंत्रण असलेल्या इंजिनांत ही खबरदारी न घेतल्यास सायलेन्सरच्या कामात ईसीयू जळण्याचा धोका असतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा. टर्बोच्या आधीच्या भागाचे वेल्डिंग गाडीवर कधीही करू नये. आत गळालेला धातूचा कण टर्बोचे पाते मोडू शकतो.

घाट, झोप आणि कापूस

खान्देशातून बाहेर पडणाऱ्या गाडीला घाट चुकत नाही. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी, इंदूरच्या वाटेवर बिजासन, चाळीसगावहून पुढे कन्नडचा घाट. उतारावर एक्झॉस्ट ब्रेकची झडप वायूंची वाट अडवून इंजिनालाच गतिरोधक बनविते. इंजिन आणि झडप यांच्यामध्ये गळती असेल, तर हा दाब तयारच होत नाही. मग सारा भार चाकांच्या ब्रेकवर पडतो आणि तापलेले लायनर पकड सोडतात. म्हणून या टप्प्यातील गळती ही आवाजाची तक्रार न मानता ब्रेकचा बिघाड मानावी.

दुसरा धोका केबिनमधील झोपेचा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. डिझेल इंजिनात त्याचे प्रमाण पेट्रोलपेक्षा कमी असले, तरी उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून चालक-क्लीनर झोपले असताना केबिनखालची गळती जिवावर बेतू शकते.

तिसरा धोका आगीचा. पूर्ण भाराखाली मॅनिफोल्डजवळील वायूंचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. कापूस ४०० अंशांच्या आसपास पेट घेतो, आणि सायलेन्सरवर साचलेला कापसाचा कोरडा भुसा त्याहून कमी तापमानालाही धुमसू लागतो. हौद्याच्या फळ्या, वायरिंग आणि ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळ्या यांच्याकडे रोख असलेली गळती कापसाच्या हंगामात एक दिवसही सहन करू नये.

बीएस-४ आणि बीएस-६ गाड्या

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४, तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि सायलेन्सरचे स्वरूप पालटले. बीएस-४ च्या अनेक जड गाड्यांत आणि बीएस-६ च्या जवळपास सर्वच जड गाड्यांत डब्यामध्ये उत्प्रेरक असतो व त्यावर ३२.५ टक्के युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, फवारले जाते. बीएस-६ मध्ये काजळी अडविणारा फिल्टरही आला. हा डबा महाग असतो, कारण त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात.

अशा गाडीत काटकसर करायची ती पट्ट्या, क्लॅम्प, उष्णतारोधक पत्रा आणि टेलपाइप यांपुरतीच. उत्प्रेरक काढून साधा डबा बसविला, तर सेन्सर ते ओळखतात आणि इंजिनाची ताकद आपोआप घटवली जाते. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतणे हा दुसरा घातक उपाय. हा युरिया कडुनिंबाचे तेल लावलेला असतो. त्यातील अशुद्ध घटक नोझल व उत्प्रेरक कायमचे निकामी करतात. शिवाय अनुदानित युरियाचा असा वापर हा गुन्हा आहे. डबा बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी स्कॅनरवर दोषांक पाहावा. अनेकदा सेन्सर किंवा त्याची तार एवढाच बिघाड असतो, आणि चोंदलेला फिल्टर साफ करूनही काम भागते.

काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा त्यातील तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. जिनिंगच्या आवारात किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करताना ही क्रिया चालू नाही, याची खात्री चालकाने करावी.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. नियम ११२ नुसार धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही. तो वर, मागे किंवा उजवीकडे जावा. डावी बाजू पादचाऱ्यांची असते, हे यामागचे कारण उघड आहे. नियम ११३ प्रमाणे एक्झॉस्टची नळी आणि इंधनाची नळी यांत ३५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर नसावे. स्थानिक कारागिराने नळी वाकवून दिली असेल, तर हे अंतर मोजून घ्यावे. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना ठिणगीरोधकही बंधनकारक आहे.

पीयूसी तपासणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५, तर बीएस-४ गाडीला ५० हार्ट्रिज युनिट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. चालकाचा परवानाही तीन महिने अपात्र ठरतो. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. त्यामुळे हे काम पासिंगच्या तारखेपूर्वी आटोपणे शहाणपणाचे.

हिशेब

दुरुस्ती लांबविण्याची किंमत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती कागदावर मांडावी. समजा, गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर धावते आणि लिटरला ४ किलोमीटर देते. महिन्याचे डिझेल १,५०० लिटर झाले. टर्बोच्या आधीच्या गळतीमुळे हे प्रमाण ३.८ वर आले, तर सुमारे ७९ लिटर जास्त लागतात. लिटरला ९० रुपये धरल्यास महिन्याला सुमारे ७,१०० रुपये धुरावाटे निघून जातात. पॅकिंग आणि स्टड यांचा खर्च याच्या शेजारी लिहून पाहावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे पूर्वी बिलाविना घेण्याचा होणारा मोह आता तितका किफायतशीर राहिलेला नाही. पक्के बिल असेल तर सदोष भाग बदलून मागता येतो. काम एका खेपेत परवडत नसेल, तर क्रम असा ठेवावा : आधी इंजिन ते एक्झॉस्ट ब्रेक या टप्प्यातील गळती, मग इंजिनाची रबरे आणि लवचीक पाइप, त्यानंतर टांगण्याच्या पट्ट्या, आणि सर्वांत शेवटी डबा व टेलपाइप. नवे काम झाल्यावर पहिल्या फेरीहून परतताच, इंजिन थंड असताना, सर्व नट पुन्हा आवळून घ्यावेत.

जळगाव शहराच्या मधोमध गेलेल्या जुन्या महामार्गालगत शाळा आहेत, दवाखाने आहेत, वस्त्या आहेत. एखाद्या गाडीच्या फुटलेल्या सायलेन्सरची किंमत मालकाबरोबर त्यांनाही मोजावी लागते. घाटात ती चालकाला मोजावी लागते, आणि ती रुपयांत मोजता येत नाही.