देणगीदाराचे जंगल आणि गरीब मुलीची कूस

ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम ह्युलेट, आणि त्यांच्या पत्नी फ्लोरा यांनी १९६६ साली कॅलिफोर्नियात कौटुंबिक फाउंडेशन काढले. त्याच्या अनुदानांत दोन कामे शेजारी शेजारी दिसतात : अमेरिकेच्या पश्चिम भागातील जमिनी-नद्यांचे संवर्धन, आणि किशोरवयीन मुलींची गर्भधारणा रोखणाऱ्या संस्थांना मदत. नदी वाचवणे आणि सोळा वर्षांच्या मुलीला दिवस जाऊ न देणे, यांचा एकमेकांशी संबंध काय? 'लोकसंख्या वाढली की निसर्ग संपतो' हे उत्तर तयार असते. पण कोणाची लोकसंख्या, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

१९१६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन ग्रँट या धनाढ्य वकिलाचे 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हे पुस्तक निघाले. गोऱ्या नॉर्डिक वंशाची शुद्धता धोक्यात आहे आणि 'कनिष्ठां'ची पैदास थांबवली पाहिजे, हा त्याचा सूर. याच ग्रँटने दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवूड वृक्ष वाचवण्यासाठी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. झाडेही त्याला उंच आणि अस्सलच हवी होती!

त्याच वर्षी, त्याच शहरात, ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका तरुण विद्यार्थ्याने जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने, आणि त्यासाठी स्त्रीवर बंधने घालावी लागतात : सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह. ग्रँट ज्याला शुद्धता म्हणून पुजत होता, तिची यंत्रणा भीमराव आंबेडकर उघडी पाडत होते. दोघांची भेट झाली नसेल, पण वाद तोच होता. पुढे 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये बाबासाहेबांनी जातीच्या वंशशुद्धीवादी समर्थनाचा थेट समाचार घेतलाच.

अमेरिकेत मात्र ग्रँटच्या विचाराचे कायदे झाले. व्हर्जिनियात कॅरी बक ही सतरा वर्षांची गरीब गोरी मुलगी बलात्कारातून गरोदर राहिली. तिलाच 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत डांबले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची नसबंदी वैध ठरवली. नॉर्थ कॅरोलायनात १९२९ ते १९७४ या काळात सुमारे ७,६०० जणांची नसबंदी झाली आणि पुढे पुढे त्यात काळ्या स्त्रिया वाढत गेल्या. तिथल्या प्रचाराला साबणाच्या धंद्यातल्या वारसाचा, क्लॅरेन्स गॅम्बल याचा पैसा होता. म्हणजे घराण्याच्या पैशाने गरीब मुलीच्या कुशीचा निकाल लावणे ही जुनी रीत आहे.

ह्युलेट फाउंडेशन ग्रँटचा वारस आहे असे आम्ही म्हणत नाही. आणि पैशाने भलेही होते. कोलोरॅडोत बफे घराण्याच्या फाउंडेशनच्या मदतीने २००९पासून कॉपर-टी आणि दंडातले इम्प्लांट मोफत मिळू लागले. पाच वर्षांत किशोरवयीन मुलींची बाळंतपणे जवळपास निम्म्यावर आली. शाळा सुटण्यापासून वाचलेल्या मुलींना हे तुच्छ वाटणार नाही, आम्हालाही वाटत नाही. पण काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी नेमका मुद्दा उचलला : बसवणे मोफत, मग काढून टाकायचे म्हटले तर? १९९०मध्ये नॉरप्लांटला मंजुरी मिळाली आणि दोनच दिवसांत फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने गरिबी कमी करण्याचा उपाय म्हणून ते सुचवले होते. हे त्या विसरल्या नव्हत्या. १९९४मध्ये त्यांनी 'प्रजनन न्याय' हा शब्द घडवला : मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क, आणि झालेल्या मुलाला सुरक्षित वाढवण्याचा हक्क.

आपल्याकडे संततिनियमन म्हटले की काही तरुण मित्र 'ही आमची संख्या घटवण्याची चाल' म्हणून हात झटकतात. त्यांनी बाबासाहेब वाचावेत. 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्व्यांची अश्लीलतेच्या खटल्यात वकिली त्यांनी केली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयींचा ठराव आला; बाबासाहेबांचे भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी मांडले. त्यात वारंवारच्या बाळंतपणांनी खचणाऱ्या आईचा जीव होता. जुलै १९४२मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांनाच सांगितले : लग्नाची घाई करू नका, पतीची मैत्रीण व्हा, गुलाम नको.

१९३८चा तो ऐच्छिक सोयींचा ठराव फेटाळला गेला. अडतीस वर्षांनी, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. स्त्रीने मागितले तेव्हा नाही म्हणणारे सभागृह तिच्यावर लादताना हो म्हणाले.