हुतात्मा आणि धान्यकोठी

मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे या गडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाई कोतवालांचा ‘आझाद दस्ता’, त्याने पाडलेले विजेचे मनोरे, सरकारने त्यांच्यावर लावलेले इनाम आणि शेवटची ती चकमक हा बेचाळीसच्या लढ्यातील सर्वपरिचित अध्याय आहे. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर अभिवादनासाठी लोक जमतात, आणि ते योग्यच आहे. तथापि या अध्यायाच्या आधीचे एक पान आपल्या सार्वजनिक स्मृतीतून जवळजवळ निसटले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या पानाविषयी लिहायचे आहे.

कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले. पण भूमिगत होण्यापूर्वीच्या काळात त्यांचे चित्त वकिलीत कमी आणि कर्जत तालुक्यातील गावपाड्यांत अधिक गुंतले होते. तेथे त्यांनी दोन गोष्टी आरंभल्या. एक, लोकांनीच चालवायच्या शाळा. आणि दुसरी, सावकाराच्या दारी जाण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊ नये म्हणून धान्यकोठ्या. हुतात्म्याच्या चरित्रात या कोठ्यांना एखादे वाक्य मिळते, फार तर एक परिच्छेद. आमच्या मते ते वाक्य संपूर्ण प्रकरणाच्या योग्यतेचे आहे, कारण गाव वा पाडा स्वतःच्या बळावर कसा उभा राहतो या प्रश्नाचे एक उत्तर त्या वाक्यात आहे.

कोठीचे महत्त्व कळण्यासाठी या प्रदेशाचे पंचांग समजून घ्यावे लागते. शहापूर, मुरबाड, कर्जत ही भातशेतीची आणि जंगलाची पट्टी. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली यांचे पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. भाताचे पीक हाती येते ते दिवाळीच्या सुमारास. घरातले धान्य मात्र बहुधा आषाढातच संपते. लावणीची मेहनत सर्वांत जड असते त्याच दिवसांत चूल सर्वांत रिकामी असते. या काळात पोट भरण्यासाठी उसने घ्यायचे धान्य म्हणजे खावटी. ती देणारा सावकार पिकावर परत घेताना ‘सवाई’, ‘दिढी’ किंवा ‘दुपटी’ने घेई: मणाला सव्वा मण, दीड मण, दोन मण. हे शब्द पाढ्यांतले आहेत आणि पाढ्यांइतकेच निर्विकार आहेत. अवघ्या तीनचार महिन्यांसाठी पन्नास टक्के वाढ सांगणारा ‘दिढी’ हा शब्द रोजच्या बोलीत मुरला होता, यावरूनच त्या व्यवहाराचे वय कळावे. भूक जशी पोटाची, तसे कर्ज लग्नाचेही असे. लग्नाच्या खर्चापायी सावकाराकडे बांधल्या गेलेल्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सायमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची चौकशी करवून घेतली, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीतील हे दास्य सरकारी कागदावर आले.

आता कोठीचा हिशेब पाहावा. समजा, चाळीस घरांचा पाडा आहे आणि प्रत्येक घर पावसाळ्यात पन्नास किलो भात उसने घेते. एकूण उसनवारी वीस क्विंटल. सावकाराच्या दिढीने दिवाळीनंतर दहा क्विंटल भात पाड्याबाहेर जातो आणि पुढच्या आषाढात पाडा पुन्हा तितकाच रिकामा असतो. तेच धान्य पाड्याच्या कोठीतून सवाईने घेतले, तर पाच क्विंटलांची वाढ कोठीतच राहते आणि पुढच्या वर्षी उसने द्यायला वीसऐवजी पंचवीस क्विंटल असतात. दोन्हीकडे धान्य तेच आणि घेणारी माणसेही तीच. वाढ कोणाच्या घरात साठते एवढाच भेद. तेवढ्याने पाड्याची दिशा बदलते. शिवाय हा विचार बाहेरून आणलेला नव्हता. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबण्याची सावड या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. कोठी ही धान्याची सावडच होय. कार्यकर्त्याने आणले ते पहिले बियाणे आणि हिशेबाची वही.

पुढच्या काळात या पट्टीत काम करणाऱ्यांचे तीन प्रवाह दिसतात. पहिला सेवेचा. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन झाले आणि जिल्ह्यात शाळा-वसतिगृहांचे काम उभे राहिले. दुसरा संघर्षाचा. जानेवारी १९४५ मध्ये शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावर, टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूकडे वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे त्या लढ्याचे पुस्तक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. पण तो कागदावरून पाड्यात उतरवण्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना लागल्या (स्थापना १९८२). तिसरा प्रवाह शासनाचा: १९७८ पासूनची खावटी कर्ज योजना, १९९५ ची नवसंजीवनी योजना, कोविडच्या काळात प्रतिकुटुंब चार हजार रुपयांचे खावटी अनुदान. या तिन्हींचे ऋण मोठे आहे. परंतु सेवेत देणारा बाहेरचा असतो, संघर्षात शत्रू बाहेरचा असतो आणि योजनेत निर्णय बाहेर होतो. किल्ली पाड्याच्या हाती देणारी कोठी या तिन्हींच्या मधल्या अरुंद जागेत राहते, म्हणूनच ती इतिहासाच्या नजरेतून सुटते.

कोठीचे गौरवीकरण करण्याचा मात्र आमचा हेतू नाही. तिच्या मर्यादा तिच्या रचनेतच आहेत. पाऊस दगा देतो त्या वर्षी सर्वांचीच परतफेड एकदम थकते. कोरडे धान्य नेऊन ओले परत करणारा असतोच, आणि मग वजनावरून भांडणे होतात. सर्वांत मोठी अडचण अशी की, ज्याच्याकडे शेतच नाही तो पिकावर परत काय करणार? म्हणून कोठी ठाकूर वा महादेव कोळी शेतकऱ्याला जितकी उपयोगी, तितकी भूमिहीन कातकऱ्याला नाही. तो वीटभट्टीमालकाकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातो. कोठीची सभा भरते तेव्हा तो गावात नसतोच. संस्था ‘गावाची’ आहे असे म्हणताना तिच्या वहीत कोणाची नावे नाहीत, हे विचारावे लागते.

या पट्टीचे आजचे प्रश्न धान्यापुरते उरलेले नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचा आधार वाढला, पण तो मिळवण्यासाठी कागद लागतात आणि कागदांसाठी कोणीतरी तहसील कचेरीपर्यंत सोबत चालावे लागते. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला जवळजवळ निम्मे पाणी पुरवणारे भातसाही तेथलेच. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडमध्ये काळू नदीवरील धरणाचे काम वनखात्याच्या परवानगीविना सुरू झाले, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. हे एका दिवसाचे यश नव्हे. अर्ज लिहिणे, ठराव जपून ठेवणे, सभेची तारीख पाड्यापाड्यांत पोचवणे या वर्षानुवर्षांच्या नीरस कामाचे ते पीक होते.

याच नीरस कामाला मदत मिळणे सर्वांत कठीण असते. मुरबाडच्या हद्दीवरील नाणेघाटात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात, सातवाहन राणीने यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणांची यादी कोरलेली आहे. दान मोजता यावे आणि दात्याचे नाव दिसावे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. पण कंपनीलाही फलक लावता येईल अशी इमारत, वाटप, शिबिर हेच सोयीचे वाटते. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तिने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यास मनाई केली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे येणारा हा ओहोळ त्यामुळे आटला. वही लिहिणाऱ्याचे मानधन आणि कार्यकर्तीचे एसटीचे भाडे ‘प्रशासकीय खर्च’ ठरते. वस्तुतः संस्था म्हणजे बहुतांशी तेच असते.

म्हणून स्थानिक संस्थांना साहाय्य करू इच्छिणाऱ्यांनी कोठीचाच नियम लावून पाहावा, असे आम्हांला वाटते. दिलेले कोठे साठते? त्याचा हिशेब कोणाच्या भाषेत आणि कोणासमोर वाचला जातो? देणारा निघून गेल्यावर पुढच्या आषाढात काही उरते काय? पहिल्या बियाण्याइतके द्यावे, दोनतीन वाईट पावसाळे धीर धरावा आणि किल्ली मागू नये.

वाङ्मयाच्या अभ्यासकांसाठी येथे आणखी एक काम आहे. हौतात्म्याला पोवाडा मिळतो आणि लढ्याला आत्मकथन. धान्यकोठीची वही मात्र उंदीर-वाळवीच्या स्वाधीन होते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील जुन्या मंडळांच्या, बचतगटांच्या, वनहक्क समित्यांच्या वह्या हे मराठी गद्यच आहे. कोणी किती नेले, कोणी किती परत केले, कोणाला सूट दिली आणि का, हे त्यांत लिहिलेले असते. भाई कोतवाल सिद्धगडावर कसे लढले ते आपण जाणतो. त्यांच्या कोठ्यांतून कोणी किती भात नेला, हेही आपल्याला ठाऊक असते, तर ते कशासाठी लढले ते अधिक नेमके कळले असते.