इंचभर घराची कुळकथा

कागदावर इंचाइंचाच्या अंतराने रेघा आखाव्यात, त्यांत तळघराच्या भिंती, पडका पूल किंवा एखाद्या सराईचे अंगण रंगवावे, ते घरच्या प्रिंटरवर छापून चारसहा ताव एकमेकांस चिकटवावेत आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढे योद्धे, चेटके व राक्षस मांडून मित्रमंडळींनी रात्र जागवावी, हा उद्योग ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांच्या नादी लागलेल्यांना आज नित्याचा झाला आहे. या कागदाला ते ‘बॅटल मॅप’ म्हणतात. तिऱ्हाइताची नजर त्यातील रंगांवर खिळते, तर खेळणाऱ्याची रेघांवर. कारण कोण कोणापासून किती दूर उभा आहे, या कधी न मिटणाऱ्या तंट्याचा निवाडा त्या रेघाच करीत असतात.

पटावरील चौकोनाला आपण ‘घर’ म्हणतो, आणि या नकाशाचे मूळही बुद्धिबळाच्या पटातच सापडते. भारतातून इराणमार्गे पश्चिमेकडे गेलेल्या त्या खेळाचा पाया घेऊन, ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या पदरी असलेले गणितज्ञ योहान हेलविग यांनी १७८० साली आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. चौसष्ट घरांत फौजेची हालचाल मावेना, म्हणून त्यांनी ४९ गुणिले ३३ अशी १६१७ घरे आखली, आणि सपाटीस पांढरा, दलदलीस हिरवा, पाण्यास निळा व डोंगरास तांबडा असे रंग देऊन पटावर भूगोल आणला. पुढे १८१२ मध्ये प्रशियाचे बॅरन फॉन राइसवित्स यांनी राजे तिसरे फ्रीडरिख विल्हेल्म यांना जे मेज नजर केले, त्यावर भूप्रदेशाचे सुटे तुकडे मनाजोगे जुळवून दरवेळी निराळी रणभूमी मांडता येई.

या बॅरनच्या लष्करात असलेल्या चिरंजीवांनी मात्र १८२४ साली घरांची ही सारी वस्तीच उठवली. आठ हजारास एक या प्रमाणाचे खरेखुरे लष्करी नकाशे घेऊन त्यांनी तुकड्यांची चाल मोजपट्टीने मोजावयास लावली, आणि शंकेचे निरसन फासे व मध्यस्थ पंच यांच्यावर सोपविले. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी हा खेळ शिक्षणासाठी स्वीकारल्याने तो दरबारातून छावणीत गेला. इंग्लंडात एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये त्याच जातीचा खेळ घराच्या फरशीवर आणला, तेव्हाही पायदळास एक फूट व घोडदळास दोन फूट अशी मोजूनच चाल होती.

घर परतले ते अमेरिकेत, आणि तेथे ते लवकरच षट्कोनी झाले. चौकोनात तिरपे गेल्यास सरळ चालीच्या सुमारे १.४१ पट अंतर पडते, ही अडचण षट्कोनात उरत नाही. म्हणून चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने १९६१ मध्ये ‘गेटिसबर्ग’च्या पटावर षट्कोन छापले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली निघाला, तेव्हा त्यात अंतरे इंचांत दिलेली होती: भुयारात इंच म्हणजे दहा फूट, उघड्या रानात दहा यार्ड. भुयाराचा आराखडा आलेखाच्या कागदावर उतरे खरा, पण बाहुल्यांखाली आखलेला पट असलाच पाहिजे असा दंडक नव्हता. तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत रूढ झाला: एक इंचाचे घर, पाच फुटांची भूमी. खोल्यांच्या भिंतींशी काटकोनच जुळतो, म्हणून षट्कोन मागे पडला. आणि तिरप्या चालीचा जुना तंटा, प्रत्येक दुसरे तिरपे घर दोन घरांएवढे मोजावे, अशा तडजोडीने मिटविण्यात आला. सरासरीने ती दीडपट होते, म्हणजे भूमितीच्या पुष्कळ जवळ.

आता हा नकाशा संगणकावर रेखला जातो, आणि त्याची सारी अब्रू त्या एका इंचावर टांगलेली असते. अमेरिकी ‘लेटर’ कागदासाठी, म्हणजे साडेआठ इंच रुंदीसाठी, रेखलेले पान मी एकदा ए-फोरवर छापले. पान कागदात बसवून घेण्याचा पर्याय चालूच राहिला होता, आणि प्रिंटरने इमानेइतबारे सारे पान सुमारे पावणेतीन टक्क्यांनी आकसून दिले. एका घरात हा फरक डोळ्यांस दिसत नाही. दहा घरांत मात्र २५४ मिलिमीटरऐवजी २४७ भरतात, आणि शेजारच्या बरोबर छापलेल्या तावाला ते पान चिकटवताच भिंतीचा सांधा पाव घराएवढा सरकतो. त्या रात्री दरवाजात उभा असलेला धनुर्धर आत की बाहेर यावर अर्धा तास वाद झाला. तेव्हापासून पहिला ताव बाहेर येताच मी पट्टी लावून दहा घरांची मोजणी करतो, आणि ती बरोबर भरल्यावरच उरलेले पाच ताव छापावयास घेतो.