व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी : रणसागर ते सागर परिक्रमा

युद्धातील पराक्रमामुळे सेनानी लक्षात राहतात; शांततेच्या काळात त्यांनी काय उभे केले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी या मराठी नौदल अधिकाऱ्याने दोन्ही आघाड्यांवर आपला ठसा उमटविला.

आवटी यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२७ चा. ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवर सागरी जीवनाचे धडे घेतल्यानंतर त्यांचे पुढील नौदल शिक्षण ब्रिटनमध्ये झाले. संदेशवहन हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात ते पूर्व आरमारातील ‘कामोर्टा’ या सोव्हिएत बनावटीच्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे कप्तान होते. ‘विक्रांत’वरील विमाने ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार व चितगावावर हल्ले चढवीत असताना पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी पक्की ठेवण्याची जबाबदारी आरमारातील इतर नौकांवर होती. पाणबुड्या आणि पाणसुरुंगांचा धोका असतानाही आवटी यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने शत्रूच्या सागरी हद्दीत शिरून त्याची जहाजे ताब्यात घेतली. समुद्रमार्गे रसद येण्याची आणि सैन्य निसटून जाण्याची वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात झालेल्या शरणागतीत या नाकेबंदीचाही वाटा होता. या कामगिरीबद्दल आवटी यांना वीरचक्र प्रदान करण्यात आले.

पुढे पश्चिम नौदल विभागाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले. सागरी इतिहासाचे जतन व्हावे म्हणून मुंबईत १९७८ मध्ये स्थापन झालेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीचे ते संस्थापक. निवृत्तीनंतर त्यांनी सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी वास्तव्य केले. समुद्रापासून दूर असलेल्या या गावात राहूनही त्यांनी एक ध्यास सोडला नाही : भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी.

हा ध्यास केवळ साहसाच्या हौसेपोटी नव्हता. यंत्राच्या बळावर चालणाऱ्या नौदलातही वारा, लाट आणि आकाश वाचणारा खलाशी टिकला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. १९६८-६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली, ती मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या नौकेतून. नौका आपल्याकडे बांधली गेली. खलाशी मात्र आपला नव्हता.

ही उणीव भरून निघण्यास पुढे चार दशके लागली. नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हा प्रकल्प हाती घेतला. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही नौका बांधली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ही फेरी पूर्ण केली, तर २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून जगाला वळसा घातला.

या वाटेवरचा धोका मात्र खरा होता. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरातील वादळाने टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली. पाठीला गंभीर दुखापत होऊन ते नौकेत अडकून पडले. तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३ नोव्हेंबर २०१८ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी आवटी यांचे निधन झाले. टॉमी मात्र पुन्हा समुद्रावर गेले आणि २०२३ मध्ये त्यांनी हीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली. ते यश पाहण्यास आवटी हयात नव्हते. पण खलाशांची जी परंपरा त्यांना हवी होती, ती तोवर रुजली होती.