ताम्बुरेल्लो, दुपारी २.१७

२७ मार्च १९९४, ब्राझीलमधलं इंटरलागोस. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत घरच्या प्रेक्षकांसमोर आयर्टन सेना शूमाकरच्या मागे लागलाय. वळणातून बाहेर पडताना गॅस दिला, मागची चाकं सुटली, गाडी गर्रकन फिरून बंद पडली. शर्यत तिथेच संपली. त्या वर्षीच्या नियमांनी ट्रॅक्शन कंट्रोल आणि ॲक्टिव्ह सस्पेन्शन दोन्ही बाद केले होते. मागचा टायर घसरतोय हे ओळखणं आता फक्त ड्रायव्हरच्या हाती. त्यात सेनाच्या विल्यम्स संघाची ‘एफडब्ल्यू १६’ मागून बिथरणारी गाडी.

टायरची पकड ठरावीक असते. वळायला आणि पुढे रेटायला तीच वाटून घ्यायची. वळणात पाय दाबला की मागच्या चाकांवर दोन्ही बोजे पडतात. आधी सीट बुडाखालून बाजूला सरकल्यासारखी वाटते, गाडीचं नाक मागितल्यापेक्षा जास्त आत वळतं आणि इंजिनचा आवाज वेगाच्या पुढे पळू लागतो. अशा वेळी घाबरून पाय झटकन उचलला तर वजन पुढे जाऊन मागचा भाग आणखी हलका होतो. गॅस बेतानं कमी करायचा आणि स्टिअरिंग घसरणीच्या दिशेला द्यायचं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे ही जाणीव अनेकांना कधी होतच नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार, इटलीतलं इमोला. सरावात ड्रायव्हर बारिकेलोची गाडी उडून कुंपणावर आदळली. तो बचावला.

३० एप्रिल, शनिवार, दुपार. रोलंड रॅट्झेनबर्गरच्या गाडीचा पुढचा विंग तुटला आणि तो गेला. सेना अपघाताच्या जागी जाऊन आला. डॉक्टर सिड वॉटकिन्सनी त्याला सांगितलं, सोड हे सगळं, मासे पकडायला जाऊ. त्यानं ऐकलं नाही.

१ मे, रविवार, सकाळ. वॉर्म-अपमध्ये सर्वांत वेगवान सेनाच. ड्रायव्हरांच्या सुरक्षेसाठी संघटना पुन्हा उभी करायची, यावर सहकाऱ्यांशी बोलणंही झालं.

दुपारी २.००. शर्यत सुरू होतानाच लेहटोची गाडी जागीच बंद पडली आणि लामी मागून धडकला. उडालेले तुकडे प्रेक्षकांत जाऊन लोक जखमी झाले. सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आली, ती साधी ओपेल व्हेक्ट्रा. तिच्या मागे फॉर्म्युला वनचे टायर थंड पडतात, हवेचा दाब उतरतो, गाडी खाली बसते. सेना शेजारी जाऊन तिला वेग वाढवायला खुणावत होता.

पाचवी फेरी संपली. सेफ्टी कार बाजूला झाली. सहाव्या फेरीत ताम्बुरेल्लो वळणाच्या उंचवट्यांवर सेनाची गाडी बुडानं घासत होती. हे मागून येणाऱ्या शूमाकरनं पाहिलं.

२.१७, सातवी फेरी. ताम्बुरेल्लो डावीकडचं वळण, वेग ताशी ३१० किलोमीटरच्या आसपास. गाडी उजवीकडे ट्रॅकबाहेर गेली आणि दोन सेकंदांच्या आत काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. तोवर वेग शंभरेक किलोमीटरनं उतरला होता, म्हणजे ब्रेक दाबले गेले होते. तुटून आलेल्या चाकाचा आणि सस्पेन्शनचा मार हेल्मेटवर बसला.

संध्याकाळी ६.४०. बोलोन्याच्या माज्जोरे रुग्णालयानं मृत्यू जाहीर केला.

पुढचा वाद आजही धुमसतो. गाडीचा स्टिअरिंग कॉलम कापून, त्यात कमी जाडीचा तुकडा जोडून लांब केलेला होता. २००७ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं तो तुटणं हेच कारण धरलं आणि विल्यम्सचे तांत्रिक संचालक पॅट्रिक हेडना जबाबदार ठरवलं, पण मुदत उलटल्यानं शिक्षा झाली नाही. गाडी रेखाटणारे एड्रियन न्यूई मात्र वेगळा तपशील दाखवतात. स्टिअरिंग तुटलं तर गाडी नाकासमोर निघून जाते. इथे आधी मागचा भाग सुटला, मग गॅस निम्म्यावर आला आणि जवळपास अर्ध्या सेकंदानं ब्रेक लागले. मला ही नोंद कॉलमपेक्षा जास्त बोलकी वाटते. निम्म्यावर आणलेला गॅस हे घसरण ओळखलेल्या पायाचं काम आहे. ती ओळख अचूक होती, कमी पडली ती जागा. भिंतीच्या मागे सांतेर्नो नदी असल्यानं भिंत हलवता येत नव्हती.

१९९५ साली ताम्बुरेल्लोचं वळण मोडून तिथे वेग उतरवणारी शिकेन बांधली.